रॉजर म्हणजे ऐकलं

गोदामात त्यांना सगळे रॉजरकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि तिथून ते महिन्यातून एकदाच बाहेर येई. काकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. लोक काहीतरी म्हणून हाक तरी मारतात, हेही थोडं नाही, असं ते मनाशी म्हणत.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत वायरलेसवर काढली होती. कानाला हेडफोन, हातात पेन्सिल, आणि ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशा माणसांचे आवाज. निवृत्तीनंतर ते ह्या गोदामात लागले. कपाटं, पलंग, टेबलं, सगळं सुटं करून पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलेलं, आणि खोकी पार छताला भिडलेली. एका टोकाला उभं राहून बोंब मारली तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जायची नाही, म्हणून प्रत्येकाच्या कमरेला वॉकीटॉकी. त्यांच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, मोडलेल्या पट्ट्या बदलायच्या आणि नव्या माणसाला त्यावर बोलायला शिकवायचं, एवढं काकांचं काम. त्यासाठी त्यांना जिन्याखाली एक खोली दिली होती. खिडकी नव्हती. फळीवर ओळीने सेट उभे, प्रत्येकाच्या डोक्यावर लाल नाहीतर हिरवा दिवा.

त्या दिवशी एक नवी बाई शिकायला आली होती. आधी ती शाळेच्या बसवर होती, त्यामुळे आवाज खणखणीत. दाराशी फोर्कलिफ्ट चालवणारा गडी बॅटरी बदलून घ्यायला उभा होता. त्याचं अंग आणि त्याची चाल दोन्ही पाहून गोदामाने त्याला रणगाडा हे नाव दिलं होतं.

"बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं," काका म्हणाले. "नाहीतर पहिला शब्द हवेत विरतो."

"आणि शेवटी ओव्हर अँड आउट म्हणायचं," बाई म्हणाली. "सिनेमात म्हणतात तसं."

"तेवढं मात्र नाही म्हणायचं. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. आउट म्हणजे बोलणंच संपलं. दोन्ही एका दमात म्हणणं म्हणजे, या, बसा ना, असं म्हणत तोंडावर दार लावण्यासारखं."

"आमच्या सासूबाई तसंच करतात," रणगाडा म्हणाला.

बाई हसली. काकाही हसले, पण जरा उशिराने. विनोद कळायला नव्हे, आपण हसायचं की नाही हे ठरवायला त्यांना नेहमी वेळ लागे.

"आणि रॉजर म्हणजे हो. ते मला माहितीये," बाई म्हणाली.

"रॉजर म्हणजे ऐकलं," काका म्हणाले. "इंग्रजीत रिसीव्ह्ड. त्याचं पहिलं अक्षर आर. वायरलेसवर नीट ऐकू यावं म्हणून अक्षरांना नावं दिली होती, तेव्हा आरचं नाव रॉजर होतं. पुढे नावं बदलली, आरचा रोमिओ झाला. पण तोवर रॉजर जिभेवर बसला होता, तो राहिला."

"बरं झालं," रणगाडा म्हणाला. "नाहीतर मी दिवसभर कॅप्टनबाईंना रोमिओ रोमिओ करत बसलो असतो. नोकरी गेली असती."

"आणि हो म्हणायचं तर?" बाईने विचारलं.

"विल्को. म्हणजे ऐकलं, आणि सांगितल्याप्रमाणे करतो."

"आणि नुसतं रॉजर म्हणून काहीच केलं नाही तर?"

"तर ऐकलं, एवढंच खरं."

"काका, हा शब्द नवऱ्यांनीच काढलेला दिसतोय," बाई म्हणाली.

तेवढ्यात रणगाड्याच्या कमरेतून कॅप्टनबाई बोलल्या. ह्या पाळीच्या मुख्य. फौजेशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्यासमोर सगळे सावधानमध्ये उभे राहत. "गेट दोनवर ट्रक उभाय. तुम्ही एवॉल आहात का? संध्याकाळची डेडलाइन आहे. ए-एस-ए-पी या."

"कॉपी, रॉजर, विल्को, ओव्हर अँड आउट," रणगाडा म्हणाला आणि काकांकडे बघून डोळा मिचकावत निघून गेला.

काकांनी जिवावर आल्यासारखे डोळे मिटले. असं दिवसभर चाले. एवॉल म्हणजे परवानगीशिवाय गैरहजर. त्या शब्दापायी कोठडीत गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती, आणि इथे चहाला गेलेला माणूस एवॉल होई. डेडलाइन ही तर कुठल्याशा जुन्या युद्धातली कैद्यांच्या छावणीतली रेघ. कुंपणाच्या आत आखलेली, आणि ती ओलांडेल त्याला पहारेकऱ्याने गोळी घालायची. आता ती गाद्यांच्या ट्रकसाठी होती. कुणाचं खोकं चुकीच्या ट्रकात गेलं की हापिसातला पोरगेला मॅनेजर स्नाफू झाला म्हणे, म्हणजे घोळ झाला. त्यातल्या शेवटच्या दोन इंग्रजी अक्षरांमागे कुठली शिवी आहे हे काकांना माहीत होतं, आणि कॅप्टनबाईंसमोर तो शब्द आला की त्यांचेच कान लाल होत.

बसथांब्याजवळ एक टपरी होती, तिथे फौजेचे जुने कोट विकायला टांगलेले असत. पोरंपोरी ते हौसेने घालत, दंडावर कुठल्या पलटणीचं चिन्ह आहे ह्याची कुणाला फिकीर नसे. शब्दांचंही तसंच झालं होतं. ऊब देत होते, खिसे भरपूर होते, लोक वापरत होते. त्यात वाईट काय, असं काका स्वतःला विचारत, आणि वाईट काही सापडत नसे. फक्त गर्दीत आपला कोट दुसऱ्याच्या अंगावर दिसला की माणूस थबकतो, तसं त्यांचं होई.

दुपारी ते जिन्याखाली एकटेच डबा खात होते, तेव्हा लेकीचा मेसेज आला. लेक दुसऱ्या शहरात, मोठ्या कंपनीत. लग्न केलं होतं, ते टिकलं नाही; आता तीही एकटीच राहत होती.

"बाबा, आई गेल्याला दोन वर्षं होत आली. किती दिवस असे एकटे राहणार? वरची खोली रंगवून घेतलीये. महिनाअखेर कायमचे इकडे या. घरमालकांशी मी बोलते, सामानाचंही मीच बघते. चालेल ना?"

काकांनी डब्याला झाकण लावलं. मग काढलं. "पोरी, तुझं म्हणणं" एवढं लिहून खोडलं. "मला वाटतं" लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, "रॉजर," आणि पाठवून दिलं. पलीकडून लगेच एक हसरा चेहरा आला, आणि त्याच्या मागोमाग एक घर.

तिच्याकडे ते मागे एकदा राहून आले होते. घर चांगलं होतं, उजेडाचं. लेक सकाळी आठला दार लावून कामाला बसे आणि दाराआडून दिवसभर तिचा आवाज येई. वॉर रूममध्ये घ्या. डिब्रीफ करू या. ग्राउंडवर आपली माणसं कोण आहेत? मिशन क्रिटिकल आहे हे. काका बाहेर सोफ्यावर, हातात वर्तमानपत्र. त्यांच्या आयुष्यातले शब्द दाराच्या फटीतून येत होते आणि त्यातला एकही त्यांच्यासाठी नव्हता. जेवायला ती बाहेर येई तेव्हा दमलेली असे. "काय बाबा, कंटाळला नाहीत ना?" ती विचारी. ते म्हणत, "छे." परत येऊन आपल्या दोन खोल्यांचं कुलूप उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं, पण ते कुणी नसणं त्यांच्या सवयीचं होतं.

पूर्वी असं अडत नसे. मध्ये बायको होती. लेक लहानपणापासून काही मागायला आली की काका "रॉजर" म्हणत, आणि लेक धावत आईकडे जाई. आई हातातलं काम न सोडता म्हणे, "त्यांचं रॉजर म्हणजे निरोप दारापर्यंत आला, एवढंच. आत घेतलाय की नाही, ते मी बघून येते." मग ती येई, काकांच्या चेहऱ्याकडे नुसतं पाही, आणि परत जाऊन सांगे, "जमणार नाहीये त्यांना," किंवा "हो म्हणालेत, आणि वर आइस्क्रीमही म्हणालेत." आइस्क्रीमचं ते तिच्या पदरचं असे. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं म्हणतात; काकांचं सोनं असो की माती, बाजारात नेऊन बसायला ती होती.

आठवड्याने घरमालक जिन्यात भेटले.

"लेकीचा फोन आला होता. महिनाअखेर खोल्या सोडताय म्हणे. वाईट वाटलं हो. पण चांगलं झालं, म्हातारपणी पोरीची सावली."

काका पायरीवरच थांबले. "मी असं... अजून काही ठरलेलं नाही," ते म्हणाले.

"अहो, ती तर म्हणाली बाबांनी होकार दिलाय. मी दुसरं बिऱ्हाड बघायला सांगितलंसुद्धा."

"नका सांगू. मी सोडत नाहीये."

हे इतकं सरळ निघालं की काकांनाच नवल वाटलं. परक्या माणसाला नाही म्हणणं किती सोपं.

"मला काय, राहा खुशाल," घरमालक म्हणाले. "तुमच्यासारखा भाडेकरू कुठे मिळायचा, नळ गळतो तर आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं ठेवणारा. पण लेकीला लगेच सांगा बुवा. ती बिचारी तयारीला लागली असेल."

"रॉजर," काका म्हणाले.

लेकीला सांगायचं त्यांनी उद्यावर टाकलं, आणि उद्या उजाडला की परवावर. फोन ती रोजच करी. पडद्यांचा रंग सांगितला, खिडकीतून झाड दिसतं म्हणाली, जिन्याला कठडा लावून घेतला म्हणाली. काका म्हणत, "हो का," "अरे वा," "कशाला एवढा त्रास." तिचा आवाज इतका हलका झालेला त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. त्या आवाजावर दगड कसा टाकायचा? गोदामात जिन्याखाली बसून ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत. सेटवर हजारो निरोप पोहोचवलेला माणूस, पण ते दुसऱ्यांचे होते.

आणि एका रविवारी सकाळी, दाढीला साबण लावलेला असताना, खाली ट्रक येऊन थांबला.

लेक वर आली तीच हातात चिकटपट्टीची रिळं घेऊन. मागे दोन हमाल, घडी घातलेली खोकी बगलेत. "तारखेच्या आधीच आले. म्हटलं तुमच्याच्याने आवरणं व्हायचं नाही," ती म्हणाली आणि सगळीकडे पाहिलं. "बाबा, काहीच काढलं नाहीत? एक कपाटसुद्धा नाही?"

"चहा टाकू?" काका म्हणाले.

"चहा मी टाकते. तुम्ही आधी तोंड पुसा, अर्धे सांताक्लॉज दिसताय." तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. हमालांना म्हणाली, "ते शिवणयंत्र आधी घ्या, जड आहे. जपून हं, आईचं आहे." आणि स्वयंपाकघरात शिरली. डबे फडताळातून निघून खोक्यात जाऊ लागले. ती बोलतच होती. तिकडे बाग आहे, बागेत तुमच्या वयाची माणसं बसतात, एक तर नौदलातले आहेत, तुमचं जमेल. काका दारात उभे होते. साबण गालावर वाळून कातडी ओढली जात होती. यंत्र जिन्यावरून खाली गेलेलं त्यांनी ऐकलं, पायरीगणिक एक दणका.

"किल्ली घरमालकांना आजच देऊन टाकायची का?" लेकीने विचारलं.

"द्यायची नाहीये."

"मग कधी?"

"द्यायचीच नाहीये. मी त्यांना सांगितलंय. खोल्या सोडत नाही म्हणून."

पट्टी ओढल्याचा आवाज थांबला. "कधी सांगितलंत?"

"झाले आठ-दहा दिवस."

"त्यांना सांगितलंत," ती म्हणाली. "मला नाही." तिने रीळ ओट्यावर ठेवलं, अगदी हळू. "बाबा, तुम्ही रॉजर म्हणालात."

"रॉजर म्हणजे ऐकलं."

"काय?"

"एवढाच अर्थ आहे त्याचा. निरोप पोहोचला. हो म्हणायचं असतं तर विल्को—"

"आमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा रॉजर म्हणतात. एकालाही ते ऐकलं असं म्हणायचं नसतं. सगळ्या जगात त्याचा अर्थ हो आहे." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मेसेज कुणाला करत होतात? पलटणीला, की मला?"

काकांकडे त्याला उत्तर होतं, शब्दाच्या जन्मापासूनचं. पण ते द्यायला त्यांची जीभ उचलेना. कारण त्यांना त्या दुपारची ती खोली दिसत होती, फळीवरचे दिवे, आणि अर्धा डबा. शब्द अचूक आहे म्हणून त्यांनी तो लिहिला नव्हता. ती तो कसा वाचेल, हे त्यांना तेव्हाच पुरतं ठाऊक होतं. त्याला दोन दारं होती, एक तिच्या बाजूला उघडणारं आणि एक आपल्या, म्हणून लिहिला होता.

"मग आता नीट सांगा," लेक म्हणाली. "तुमच्या भाषेत नको, साध्या भाषेत सांगा. येणार की नाही?"

हमाल दारात आला. "ताई, पुढे काय उचलू?"

"थांबा जरा," ती म्हणाली. तो जिन्यात जाऊन उभा राहिला.

काकांना वाटलं, आता कुणीतरी येऊन आपल्या चेहऱ्याकडे बघेल आणि तिला जाऊन सांगेल. स्वयंपाकघरात ते दोघंच होते. लेक वाट पाहत होती. तिच्या केसांत समोरच पांढरं दिसत होतं, ते त्यांनी आज प्रथम पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. खराब लाइनवर बोलावं तसा आवाज मोठा लागला. त्यांनी तो कमी केला. "नाही येणार. तिथे मला फार एकटं वाटतं."

"आणि इथे?"

"इथेही वाटतं. पण इथलं ओळखीचं आहे."

ती खोक्याच्या कडेवर बसली. पुठ्ठा दबला.

"मलाही वाटतं," ती म्हणाली. "ती खोली मी काही फक्त तुमच्यासाठी रंगवून घेतली नव्हती. पण तुम्ही कधी विचारलंच नाहीत. आणि मीही आपलं म्हाताऱ्याची काळजी, म्हाताऱ्याची काळजी, असंच म्हणत राहिले. बरं दिसतं ते."

काकांना पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. हाताला साबण होता. त्यांनी तो पुसायला टॉवेल शोधला, तर टॉवेलही खोक्यात गेला होता. तिने तो काढून त्यांच्यापुढे धरला.

मग दोघांनी मिळून डबे पुन्हा लावले. बोलणं जेवढ्यास तेवढं झालं. हे वर का? खालीच बरं. फुटलं नाही ना? नाही. हमाल विचारायला आला, यंत्र वर आणायचं का? लेकीने काकांकडे पाहिलं. "हे तरी नेऊ? मी त्याच्यासाठी जागा केलीये. चालवता येत नाही मला, पण..."

"ने," काका म्हणाले. ते त्यांनी ताबडतोब म्हटलं, आणि म्हटल्यावर कळलं की ह्यात तरी दुसरा अर्थ नव्हता.

दुपार कलायच्या आत ट्रक गेला. एवढ्या मोठ्या ट्रकात एकच यंत्र, दोऱ्यांनी बांधलेलं. लेक पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिने हात हलवला की केस मागे सारले, ते वरून नीट दिसलं नाही.

खोलीत यंत्र होतं तिथे फरशी वेगळ्याच रंगाची निघाली. काकांनी केर काढला. एक बटण सापडलं, कुठल्याशा जुन्या ब्लाउजचं असावं. ते त्यांनी खिडकीत ठेवलं. मग दाढीची राहिलेली बाजू केली, गार पाण्यानेच. संध्याकाळी फोन वाजला.

"पोचले," लेक म्हणाली.

"यंत्र?"

"ठेवलं. खिडकीपाशी." मागे कसला तरी आवाज येत होता, कदाचित पंखा. "जेवलात?"

"जेवतो आता. पुढच्या महिन्यात येशील?"

"बघते," लेक म्हणाली.

एरवी काका इथे "बरं" म्हणाले असते आणि फोन ठेवला असता. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बघते म्हणजे?"

"म्हणजे... ऑफिसचं काय होतंय ते बघून सांगते."

"सांग. नाही असेल तरी सांग. मी फोनशीच आहे."

"हं," ती म्हणाली. थोडा वेळ कुणीच ठेवला नाही. मग तिकडून ठेवल्याचा आवाज आला.

काका स्वयंपाकघरात गेले. चहा करावासा वाटला. पावडरीचा डबा लेकीने कुठे लावला होता कोण जाणे. दोन खण पाहिले, तिसऱ्यात डाळी निघाल्या. त्यांनी दिवा लावला, स्टूल ओढलं, आणि वरच्या फळीवरच्या डब्यांचं एकेक झाकण उघडून पाहायला सुरुवात केली.